तुम्ही विचारलंत म्हणून: जगबुडीच्या ख्रिस्ती सिनेमांना मी नावं का ठेवते

प्रश्न थोड्याफार फरकाने तोच असतो. ताई, तुम्ही स्वतः विश्वासणाऱ्या, उपासना चुकवत नाही, मग कोणीतरी थोडक्या पैशांत देवाच्या कामासाठी म्हणून केलेल्या सिनेमाबद्दल इतकं कडक का बोलता? दुसऱ्या बाजूचे लोक विचारतात की असले फालतू सिनेमे, बुडणारी शहरं बघून हसू येतं, तुम्ही ते एवढे मनाला का लावून घेता? दोघांना आजवर तुकड्यातुकड्यांत उत्तरं दिली आणि दोघांनीही आपल्याला हवा तेवढाच तुकडा उचलला, म्हणून आता सगळं एकदाच.

आधी बजेटचं. पैसे कमी होते ही माझी तक्रार कधीच नव्हती, हे कितीदा सांगू. १९७२ चा 'अ थीफ इन द नाइट' घ्या, अमेरिकेतल्या आयोवात अगदी थोडक्या पैशांत केलेला, चर्चच्या हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून दाखवत फिरवलेला. शेवटच्या काळी देव आपल्या लोकांना अचानक वर उचलून घेईल आणि बाकीचे मागे राहतील, या विश्वासावर तो बेतलेला. त्यात एक बाई सकाळी उठते, रेडिओवर माणसं गायब झाल्याची बातमी चालू आहे, आणि बेसिनमध्ये नवऱ्याचा इलेक्ट्रिक रेझर नुसता गुणगुणत पडलाय, नवरा नाही. बास, एवढंच. एक इमारत पडत नाही की काही नाही. आणि तो लहानपणी बघितलेले कितीतरी अमेरिकन लोक अजून सांगतात की शाळेतून आल्यावर घर रिकामं दिसलं की पोटात गोळा यायचा, वाटायचं सगळे वर गेले आणि मी एकटाच राहिलो. उलट २०१४ चा 'लेफ्ट बिहाइंड', त्यात निकोलस केज, दीड कोटी डॉलरच्या वर खर्च, आणि 'ख्रिश्चॅनिटी टुडे'सारख्या ख्रिस्ती मासिकाच्या समीक्षकानेच लिहिलं की हा ख्रिस्ती सिनेमाच नाही. तेव्हा विश्वासणाऱ्याने नावं ठेवू नयेत हा नियम कुठून आला मला माहीत नाही.

मग 'द असायलम' या स्वस्तातले सिनेमे काढणाऱ्या अमेरिकन कंपनीचे सिनेमे. २००७ च्या 'द अपॉकलिप्स'बद्दल मी म्हटलं होतं की यातली श्रद्धा वरून चिकटवलेली वाटते, आकाशातून मरण येतंय, आईबाप मुलीला भेटायला लॉस एंजेलिसकडे निघालेत, एवढी गोष्ट पुरेशी होती, मध्येमध्ये येणारी प्रवचनं त्या माणसांच्या तोंडची वाटतच नाहीत. त्यावर किती ऐकून घेतलं, तुमचं मन कठीण झालंय वगैरे. पण निर्माते डेव्हिड मायकल लॅट यांनीच सांगितलंय की तो मुळात साधा डिझास्टर सिनेमा होता, काही खरेदीदारांना धार्मिक हवा होता म्हणून धर्मगुरूंचा सल्ला घेऊन तो तसा केला. पुढच्याच वर्षी त्यांचाच '२०१२: डूम्सडे', त्यात माया लोकांचं कॅलेंडर, मेक्सिकोतलं देऊळ, पृथ्वीच्या ध्रुवांची उलथापालथ आणि ख्रिस्ती श्रद्धा, सगळं एकाच गोष्टीत कोंबलेलं. धंदा करायला माझी ना नाही. पण जे बाजाराने मागितलं म्हणून आत आलं त्याला देवाचं काम म्हणून माझ्यासमोर ठेवू नका, आणि मी बोलले की माझ्या विश्वासाची परीक्षा घेऊ नका.

पण हे सगळं वादाचं झालं. खरं कारण हे नाही, आणि ते मी आजवर कुठेच सांगितलं नव्हतं.

माझा धाकटा भाऊ बाईक अपघातात गेला. तो मंडळीत येणं सोडून बरेच दिवस झाले होते, कोणाशी भांडण नव्हतं, यायचा नाही एवढंच. तो गेल्यानंतरच्या वर्षी आमच्या हॉलमध्ये तरुणांसाठी म्हणून असाच एक सिनेमा लावला, हिंदीत डब केलेला. आईला कोणीतरी म्हणालं, आत्या तुम्हीपण या, घरात बसून काय करता. मी तिच्या शेजारी बसले होते. पहिल्या अर्ध्या तासातच देवाचे लोक उचलले जातात, त्यात गाड्या चालवणारेही असतात, मग रिकाम्या गाड्या सुसाट सुटतात, रस्त्यावर जे मागे राहिलेत त्यांच्यावर जाऊन आदळतात. एक मुलगा बाईकवरून उडतो. दोन सेकंदांचा शॉट असेल, त्या मुलाला नाव नाही, चेहरा दिसत नाही, कॅमेरा लगेच पुढच्या धडकेकडे जातो. मागच्या रांगेतली पोरं इफेक्ट बघून हसली. त्यांचं चुकलं असं मी म्हणत नाही, बाईक सरळसरळ खोटी दिसत होती. आईने माझा हात धरला नाही की काही नाही, तशीच पडद्याकडे बघत राहिली. सिनेमा संपल्यावर मंडळीतले एक भाऊ पुढे आले, म्हणाले आज रात्री तुमचा अपघात झाला तर तुम्ही तयार आहात का, ज्यांना आज येशूकडे वळायचा निर्णय घ्यायचाय त्यांनी हात वर करा. हात वर गेले. आईही सगळ्यांबरोबर डोळे मिटून बसली.

घरी आलो, मी कुलूप उघडत होते आणि ती मागून म्हणाली, "तो तयार होता का गं?"

मी तिला दिवा लावून बायबलमधलं पौलाचं थेस्सलनीकाकरांना पहिलं पत्र वाचून दाखवलं, चौथा अध्याय. ज्या ओळींवर हे सगळे सिनेमे उभे आहेत त्याच ओळी, मेघांत घेतले जाण्याच्या. पौलाने त्या लिहिल्यात कोणाला, तर ज्यांची माणसं मेलीत आणि ज्यांना कळत नाहीये की आता त्यांचं काय होणार, त्यांना. आणि तो भाग संपतो कसा, तर या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा असं सांगून. विमानं कोसळत नाहीत त्यात, कोणी रस्त्यावर चिरडलं जात नाही. मी सगळं वाचलं, समजावून सांगितलं. आई ऐकून घेऊन म्हणाली, "पिक्चरमध्ये तसं नव्हतं."

तेव्हापासून ती अधूनमधून तेच विचारते. जेवताना विचारते, डॉक्टरांकडे नंबरची वाट बघताना विचारते. आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर ते पत्रही तिला पूर्ण उत्तर देत नाही, कारण त्यात 'ख्रिस्तात मेलेले', म्हणजे ख्रिस्तावर विश्वास ठेवून मेलेले, असं आहे, आणि तिचा प्रश्न नेमका तिथेच अडकलाय.

तर विचारणाऱ्यांनो, मी हे सिनेमे मनाला का लावून घेते याचं उत्तर हे. साध्या डिझास्टर सिनेमातही हजारो माणसं मागे मरतात आणि आपण हिरोची गाडी पुलावरून निसटली का ते बघतो, मान्य, पण तिथे निदान मरणारे वाईट होते असं कोणी सांगत नाही. इथे तेच मरण पुरावा म्हणून वापरलं जातं. ज्याने प्रार्थना केली तो वाचला, जो वाचला नाही त्याचं काय ते तुम्ही समजून घ्या. येशूला हे कोणी विचारलं नव्हतं असं थोडीच आहे? लूकच्या शुभवर्तमानात, तेराव्या अध्यायात, शिलोहातला बुरूज पडून अठरा माणसं मेल्याचं तो स्वतःच काढतो आणि विचारतो, यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा ती जास्त अपराधी होती असं वाटतं का तुम्हाला? आणि स्वतःच सांगतो, नाही.

हो, माहितेय, तुम्ही लगेच पुढचं वाक्य दाखवाल. पश्चात्ताप केला नाहीत तर तुमचाही तसाच नाश होईल. ते आहे तिथे, मी लपवत नाही. नोहाचा जलप्रलयही आहे, जगाच्या शेवटाबद्दलचं प्रकटीकरणाचं पुस्तक तर आहेच. पूर्वी मी स्वतः म्हणायचे की भीतीने का होईना माणूस देवाकडे वळला तर बिघडलं काय, आग लागल्यावर ओरडणाऱ्याचा आवाज गोड आहे का ते कोणी बघत नाही. त्या वेळच्या मला आज मी सांगते की आग कुणाच्या घराला लागून विझून गेलीय तेही बघ ना. आणि ती मला उलट विचारते, मग ज्यांच्या घराला अजून लागायचीय त्यांचं काय? यावर आमचं दोघींचं काही मिटत नाही.

मिटत नाही याला आणखी एक कारण आहे. त्या संध्याकाळी ज्यांनी हात वर केले त्यातला एक मुलगा तेव्हा फार पीत होता. त्याची दारू सुटली, आज तो तरुणांचं काम बघतो, आईची औषधं बऱ्याचदा तोच आणून देतो. माझं मत त्याला कळलं तेव्हा तो चिडला नाही, फक्त म्हणाला, ताई, तो सिनेमा नसता तर मी आलो असतो का? मला काही बोलता आलं नाही. आजही येत नाही. पण आईच्या प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडेही नाही, आणि ते त्याने मान्य केलं, एवढं तरी तुमच्यापैकी कोणीतरी करा.

असे सिनेमे मी बघत राहणार आणि त्यांच्याबद्दल असंच बोलत राहणार. त्या बाईकवरच्या मुलाला नाव दिलेला एखादा सापडला तर मला जरूर कळवा, इफेक्ट्स कितीही वाईट असू देत, तो मी आईला सोबत घेऊन बघेन.