ज्वारी कशावर दळता?

आमचं स्वतःचं घर घोडबंदर रोडला आहे, सतराव्या मजल्यावर. ते भाड्यानं देऊन आम्ही मुलुंड पूर्वेला एका पस्तीस वर्षं जुन्या इमारतीत भाड्यानं राहतो. हे ऐकल्यावर समोरच्याच्या चेहऱ्यावर जे काही उमटतं त्याला दर वेळी उत्तर देऊन मी कंटाळलेय. म्हणून एकदाच लिहून टाकते. पुढच्या वेळी नुसती लिंक पाठवीन.

घोडबंदरचं घर आम्ही 2016 मध्ये घेतलं. पत्ता ‘ठाणे पश्चिम’. कागदावर अगदी बरोबर, फक्त ठाणे स्टेशन तिथून दहा-अकरा किलोमीटरवर. बुकिंग करताना सेल्सच्या मुलानं नकाशावर बोट ठेवून ‘मॅडम, मेट्रो आली की बघा’ असं सांगितलं होतं. त्यानंतर मेट्रो 4 चे खांब उभे राहताना आम्ही बघितले, पत्र्यांमधून वाट काढत ऑफिसला गेलो, आणि मुलगा चौथीतून बारावीत गेला. पण खरं सांगायचं तर घर वाईट नव्हतं. बाल्कनीतून येऊरचे डोंगर दिसायचे, पावसाळ्यात ढग खिडकीशी यायचे. टँकरचं पाणी आणि संध्याकाळचा ट्रॅफिक यांची सवय झाली होती. तिथल्या सगळ्यांनाच होते.

गेल्या वर्षी जानेवारीत सासरे गेले आणि सासूबाई सांगलीहून आमच्याकडे राहायला आल्या. विश्रामबागेतलं घर कुलूपबंद. वय एकाहत्तर, गुडघे दुखतात, बाकी तब्येत ठणठणीत. आम्ही त्यांना बाल्कनीची खोली दिली, टीव्ही लावून दिला, इंटरकॉम शिकवला. मार्चमध्ये एका दुपारी वॉचमनचा मला ऑफिसात फोन. “मॅडम, आजी अर्धा तास झाला गेटपाशी उभ्या आहेत. कुणाची वाट बघताहेत का?”

कुणाचीच बघत नव्हत्या. गेटबाहेर सर्व्हिस रोड, पलीकडे हायवे, हायवेवर गुजरातकडे जाणारे ट्रेलर. त्या तिथपर्यंत जात, उभ्या राहत, परत येत. दिवसातून दोनदा.

त्याच सुमारास भाकरीचं प्रकरण झालं. सासूबाईंना रोज ज्वारीची भाकरी लागते आणि ती त्या स्वतः थापतात. कॉम्प्लेक्सच्या दुकानात ज्वारीचं पीठ पाकिटातलं. ते कधी दळलेलं असतं देव जाणे. परातीत मळून त्या थापायला घेत आणि कडेला चिरा पडत. तव्यावर टाकायला उचलली की भाकरी मधोमध दुभंगे. “पिठाला विरीच न्हाई गं,” एवढंच म्हणत. ताजं पीठ चिकट असतं, जुनं झालं की ती विरी जाते, मग उकळतं पाणी घाला नाहीतर काहीही करा. आसपास पिठाची गिरणी आहे का म्हणून मी शोधलं. होती, पण रिक्षानं जाऊन-येऊन शंभराच्या वर. दोन किलो ज्वारीसाठी. एक दिवस तुकडे झालेल्या भाकरीवर आमटी ओतून त्या मुकाट जेवल्या, आणि त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, आपण इथून निघू या.

जून उजाडला तसा मुलगा इंजिनिअरिंगला पुण्याला जाणार हे ठरत आलं. म्हणजे शाळा-क्लासचा खुंटा सुटला होता. नवऱ्याचं ऑफिस बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात, माझं खाडीपलीकडे नवी मुंबईत, ऐरोलीत. पहिल्या रविवारी आम्ही दोघांनी दोन ऑफिसांच्या मधलं काय काय आहे याची एक्सेल शीट केली. प्रवासाची मिनिटं, भाडं, पार्किंग, लिफ्ट. ती शीट दोन आठवडे टिकली. मग माझ्या लक्षात आलं की आम्ही सव्वाआठला घर सोडणार आणि रात्री साडेआठला परत येणार. त्या वस्तीत सकाळी अकरा वाजता राहणारं माणूस एकच, आणि शीटमध्ये त्यांचा रकानाच नाही.

मी सासूबाईंना विचारलं, तुम्हाला घराजवळ काय काय लागेल? आधी “मला काय लागतंय, तुम्ही ठरवा की” झालं. दोन दिवसांनी भाजी निवडता निवडता एकेक सांगायला लागल्या. गिरणी. पासबुक भरून देणारी बँक, कारण सासऱ्यांची फॅमिली पेन्शन जमा झाली हे छापील दिसल्याशिवाय त्यांचा विश्वास बसत नाही. गोळ्यांची अर्धी पट्टी कापून देणारा औषधवाला. आणि वाटेत टेकायला जागा. त्या बारा मिनिटं चालतात, मग पाच मिनिटं बसावं लागतं. दुकानाची पायरी, बसस्टॉपचं बाकडं, पाराचा कट्टा, काहीही चालेल. देऊळ यादीत नव्हतं. मी आठवण केली तर म्हणाल्या, “ते असतंयच कुठंतरी.”

ही यादी घेऊन मुंबई-ठाणं बघायला लागलं की शहर वेगळंच दिसतं.

पार्ले पूर्व आम्ही बघायलाच नको होतं. नवऱ्याचं बालपणापासूनचं स्वप्न. सुट्टीत मामाकडे यायचा तेव्हा पार्ल्याच्या कारखान्यातून बिस्किटांचा वास येई, हे तो अजून सांगतो. कारखाना 2016 मध्ये बंद झाला, वास गेला, भाडी मात्र राहिली. दोन खोल्या-हॉल-किचनला एजंटनं पंच्याहत्तर सांगितले. टिळक मंदिराच्या बाजूनं एक चक्कर मारली, दीनानाथला कुठलं नाटक लागलंय ते बघितलं, वडा खाल्ला आणि परत आलो. ऐरोलीला तिथून मी रोज कशी जाणार होते हा प्रश्न त्या दिवशी कुणीच काढला नाही.

डोंबिवली यादीत सगळ्यात वर यायला हवी होती. गिरण्या, बँका, फडके रोड, गणेश मंदिर, आणि वीस-बावीस हजारांत ऐसपैस घर. सासूबाईंची यादी शंभर टक्के. पण लोकल. डोंबिवलीतली माझी मैत्रीण सकाळी आधी उलटी कल्याणला जाते, तिथून बसून येते, नाहीतर चढताच येत नाही. 9 जूनला मुंब्र्याच्या वळणावर गच्च भरलेल्या दोन लोकल शेजारून जाताना दारातली माणसं पडली, जीव गेले. त्याच महिन्यात डोंबिवलीच्या एजंटचा ‘टोकन कधी देताय’ म्हणून फोन आला. मी फोन नवऱ्याकडे दिला. तो दारातच उभा राहून जाणारा माणूस आहे. तो नाही म्हणाला. घर सासूबाईंसाठी बघायचं हे खरं, पण त्यांच्या मुलाला रोज त्या दारात उभं करून कसं बघायचं?

ठाण्यातल्या नौपाड्यात अगदी जमत आलं होतं. गोखले रोड, राम मारुती रोड, दोन मिनिटांवर सगळं. पण परवडणारी घरं तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. पहिल्या मजल्यावरचं एक मिळालं तर मालकांनी अकरा महिन्यांच्या करारात ‘सहा महिन्यांनी आम्हाला लागलं तर’ असं काहीतरी घालून ठेवलं होतं. मुलुंड पश्चिमेला दोन घरं चांगली होती. 1920 च्या दशकात आखलेले ते काटकोनातले रस्ते मला फार आवडतात, पाच रस्त्याला उभं राहिलं की कुठूनही स्टेशन सापडतं. तिथे एका सोसायटीत एजंटनं जिन्यातच आवाज खाली आणून विचारलं, “व्हेज ना?” नवरा म्हणाला, “बुधवार-रविवार सोडून.” एजंट हसला. घर दाखवलं, पण पुन्हा फोन काही आला नाही. यावर रागानं चार पानं लिहिता येतील. आज नको.

घर कधी बघायचं याबद्दल मात्र एक सांगते. एजंट तुम्हाला रविवारी सकाळी दहाला नेतो. रस्ता मोकळा, ऊन छान, खाली कुणी नाही. आम्ही पसंत पडलेल्या प्रत्येक ठिकाणी कामाच्या दिवशी संध्याकाळी सातला आणि एकदा जोराच्या पावसात न सांगता गेलो. एका इमारतीच्या तळमजल्यावर रात्री बारापर्यंत लोखंड कापायचं काम चालतं हे असंच कळलं. दुसरीकडे तळमजल्याच्या भिंतीवर कमरेएवढी पाण्याची रेघ होती, नव्या रंगाखालून पुसट दिसणारी.

सप्टेंबरमध्ये मुलुंड पूर्वेचं हे घर आलं. हनुमान चौकाच्या अलीकडच्या एका गल्लीत, चार मजली इमारत, पहिला मजला, भाडं बेचाळीस. घोडबंदरचं आमचं एकोणतीसला जातं, म्हणजे महिन्याला तेरा हजारांचा खड्डा. हप्ता आहेच. नवऱ्यानं तोंड वाकडं केलं होतं, तरी शनिवारी सासूबाईंना घेऊन गेलो. रिक्षा गल्लीच्या तोंडाशी सोडली, एजंट पुढे, आम्ही मागे. चालता चालता सासूबाई थांबल्या. कोपऱ्यावर गिरणी होती.

दोन चक्क्या, पांढऱ्या धुळीनं माखलेली ट्यूबलाइट, नंबर लावलेले डबे. कुणाच्या तरी पिशवीला चिठ्ठी, ‘भाजणी, जाड’. सासूबाई उंबऱ्यापाशी गेल्या, कापडी नळीतून पडणाऱ्या पिठाखाली हात धरला, चिमटीत घेऊन चोळलं. आणि आवाजाच्या वर आवाज काढून विचारलं, “ज्वारी कशावर दळता ओ?”

ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी: चक्कीत आधीच्या धान्याचं थोडं पीठ राहतंच. हरभऱ्यावर ज्वारी दळली की भाकरीला डाळीचा वास येतो, बाजरीवर दळली की काळपट होते. म्हणून कशावर दळता हा प्रश्न. गिरणीवाल्यानं चक्कीचा पट्टा ढिला करून यांच्याकडे नीट बघितलं. “ज्वारीवर ज्वारीच. मंगळवार-शनिवार. सकाळी आलात तर उभ्या उभ्या देतो.”

“ऊन पीठ डब्यात लगेच झाकत न्हाई न्हवं?”

“मी नाही झाकत. तुम्ही घरी जाऊन झाकू नका म्हणजे झालं.”

एजंट पुढे जाऊन परत आला होता. “आजी, घर बघायचंय ना?” सासूबाईंनी गिरणीतलं प्लॅस्टिकचं स्टूल ओढून घेतलं. मला म्हणाल्या, “तुम्ही या बघून. मी बसते हितं.”

घर आम्ही दोघांनीच बघितलं. स्वयंपाकघर अंधारं, बाथरूमच्या फरशा निळ्या, हॉलच्या खिडकीला कबुतरांची वस्ती. संध्याकाळी टोकन दिलं.

आता प्रवासाचं. नवरा मुलुंडहून धिम्या गाडीनं कुर्ल्याला उतरतो आणि शेअर रिक्षानं बीकेसीत. ठाण्याहून सुटणाऱ्या गाडीचं आमचं पहिलंच स्टेशन, तरी बसायला मिळत नाही, पण आत उभं राहता येतं. दारात उभं राहावं लागत नाही. मला पूर्वेच्या बाजूनंच बस मिळते, ऐरोली पुलावरून, डाव्या-उजव्या हाताला खाडी आणि कांदळवन. कधी गाडी काढली तरी 2024 च्या ऑक्टोबरपासून छोट्या गाड्यांना वेशीवरचा टोल नाही, तोही हिशेब मिटला.

सगळं छान आहे असं नाही. रात्री वारा फिरला की कधीकधी कुजका वास येतो. मुलुंडचं जुनं डंपिंग 2018 मध्येच बंद झालंय, तरी. पाणी सकाळी ठरलेल्या वेळेला, तेवढ्यात पिंप भरून घ्यायचं. स्विमिंग पूलची आठवण मला येत नाही, कारण नऊ वर्षांत मी त्यात तीनदा उतरले. येऊरचे डोंगर मात्र आठवतात, विशेषतः जुलैत.

सासूबाईंची बारा मिनिटं आता कुठे कुठे पोचतात ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळतं. बँकेत पासबुकाच्या मशीनशी त्यांना एक वसईच्या बाई भेटतात. औषधवाल्याच्या पायरीवर त्या बसतात आणि तो त्यांना गिऱ्हाइकांच्या बीपीच्या गोळ्यांबद्दल विचारतो, हे काही मला बरं वाटत नाही. मंगळवारी त्या ज्वारीची पिशवी घेऊन जातात आणि पीठ मिळाल्यावरही अर्धा तास येत नाहीत. परवा मी सुट्टीवर होते म्हणून आणायला गेले, तर त्या स्टुलावर बसून कुणाच्या तरी थालीपीठाच्या भाजणीत धणे कमी पडलेत असं त्या बाईला सांगत होत्या. गिरणीवाला मान हलवत होता.

गेल्या आठवड्यात आमच्या इमारतीच्या फळ्यावर नोटीस लागली. पुनर्विकास, सर्वसाधारण सभा, रविवार. या भागात निम्म्या इमारतींवर ती लागलेली आहे, आम्ही घर घेतानाच धरून चाललो होतो, पण इतक्यात नव्हे. मालकांना बिल्डर भाडं देईल, आम्हाला दोन महिन्यांची मुदत. रात्री मी पुन्हा ती जुनी एक्सेल उघडून बसले. सासूबाई पाण्याचा तांब्या भरायला आल्या, स्क्रीनकडे बघितलं.

“ते कशाला काढलंयस?”

मी नोटिशीचं सांगितलं. त्यांना ठाऊक होतं. सभा होऊन, सह्या होऊन, माणसं हलेपर्यंत दीड वर्षं तरी जातील असं त्या चौकशी करून आल्या होत्या. शिवाय समोरच्या नव्या इमारतीतलं दुसऱ्या मजल्यावरचं एक घर त्यांनी मंगळवारीच बघून घेतलं होतं. लिफ्ट आहे, स्वयंपाकघरात उजेड आहे. मालक पुण्याला असतात.

“मग तुम्हाला दाखवलं कुणी?”

“किल्ली गिरणीत असती की,” म्हणाल्या आणि तांब्या घेऊन झोपायला गेल्या.