अलार्म

‘अलार्म’ हा शब्द लढवय्या घराण्यातला. इटालियनमधल्या ‘आल् आर्मे’, म्हणजे ‘शस्त्रं उचला!’ या आरोळीतून निघून तो फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. आधी नुसती हाक होती, मग ती हाक देणारं यंत्रही अलार्म झालं, आणि हाक ऐकून पोटात येणारा गोळाही अलार्मच. इंग्रजीत ‘घाबरण्याचं कारण नाही’ हे सांगतानाही हाच शब्द वापरतात. ते ऐकल्यावर खरी घाबरगुंडी उडते, ते वेगळं!

घड्याळापुरता आपण ‘गजर’ शब्द ठेवला आहे. चोर, धूर, गॅस यांच्या वाट्याला मात्र अलार्मच. ‘धूर झाला आणि गजर झाला’ म्हटलं की उगाच काहीतरी मंगल घडल्यासारखं वाटतं.

धुराचा अलार्म मला सगळ्यांत गमतीचा वाटतो. त्याच्या एका प्रकारात अमेरिसियम-२४१ या किरणोत्सारी धातूचा कणभर अंश असतो. त्याच्यामुळे आतल्या हवेतून सतत किंचित वीज वाहत असते. धुराचे कण आत शिरले की ती मंदावते आणि डबी किंचाळते. आग नसतानाही ती बोलते, पण बॅटरी उतरल्यावर. थोड्या थोड्या वेळाने एकच ‘चीं’, आणि तीही बहुधा ऐन पहाटे. कारण गारव्याने मरगळलेल्या बॅटरीचा दाब आणखी घसरतो. उशी कानावर घेऊन पडलेल्या माणसाला हे कारण सांगून बघा.

एकच अलार्म असेल तर माणूस उठून बघतो तरी. १९७९ साली अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात अपघात झाला, तेव्हा सुरुवातीलाच शंभराहून जास्त अलार्म सुरू झाले. त्यांतले बिनमहत्त्वाचे गप्प करायची सोयच नव्हती. आता कुणाचं ऐकायचं?

आफ्रिकेतली व्हर्व्हेट माकडं याबाबतीत शहाणी. बिबट्या, गरुड आणि साप यांच्यासाठी त्यांच्या वेगवेगळ्या हाका आहेत. पहिली ऐकली की झाडावर, दुसरी ऐकली की नजर आभाळाकडे नाहीतर थेट झुडपात, तिसरीला मागच्या पायांवर उभं राहून गवतात शोधाशोध. आपल्या घरात फ्रिजचं दार उघडं राहिलं, कपडे धुऊन झाले, मायक्रोवेव्ह थांबला, सगळ्यांचं एकच ‘टीं टीं’. आवाज कुठून येतोय हे शोधत हातातलं काम टाकून घरभर फिरायचं. शेवटी तो शेजाऱ्यांकडचा निघतो.