नायगाराच्या वाटेवर एक दिवस लार्स लार्सनसाठी (रॉचेस्टर, केंडल, ईरी कालवा)

आईबाबा भारतातून आले की नायगारा ठरलेलाच असतो. आमचाही ठरला होता, पण यावेळी मी हट्टाने मध्ये एक दिवस रॉचेस्टरचा घातला. नॉर्वेहून अमेरिकेत स्थायिक व्हायला निघालेल्या लोकांच्या पहिल्या गलबताला 2025 मध्ये दोनशे वर्षं झाली म्हणून तसंच एक गलबत 4 जुलैला स्टाव्हांगरहून निघून 9 ऑक्टोबरला न्यूयॉर्कला पोचलं, ती बातमी वाचल्यापासून त्या मूळ गलबताचा म्होरक्या लार्स लार्सन गेइलाने माझ्या मनातून जाईना.

आधी त्याच्याबद्दल थोडं सांगते, नाहीतर तिथे जाऊन नुसतं पाणी आणि पूल दिसतील. लार्स जहाजावरचा सुतार. 1807 मध्ये इंग्रजांनी त्याचं जहाज पकडलं आणि पोराची सात वर्षं कैदेत गेली, तिथेच तो क्वेकर (पाद्री-कर्मकांड न मानणारा साध्या राहणीचा ख्रिस्ती पंथ) झाला. सुटल्यावर काही काळ लंडनला मार्गारेट अ‍ॅलन नावाच्या क्वेकर बाईंकडे राहिला आणि मग गावी परतला. नॉर्वेत तेव्हा सरकारी चर्च सोडून वेगळं काही पाळणाऱ्यांना बराच त्रास होता, म्हणून 1825 च्या जुलैत 52 माणसं ‘रेस्टोरेशन’ नावाच्या गलबतात बसून निघाली. गलबत किती मोठं, तर लांबी फक्त 54 फूट, म्हणजे आपल्या एसटीच्या जेमतेम दीड बस! त्यात 98 दिवस. वाटेत समुद्रातच लार्सची बायको मार्था बाळंत झाली, मुलीचं नाव ठेवलं लंडनच्या त्या बाईंचं, मार्गारेट अ‍ॅलन. 52 निघाले आणि 53 पोचले, आई हे ऐकून गाडीत कितीतरी वेळ गप्पच होती.

न्यूयॉर्कला पोचल्यावर गलबतच जप्त झालं. एवढ्या छोट्या बोटीत एवढी माणसं कायद्यात बसत नव्हती आणि दंड 3000 डॉलरच्या वर गेला, शेवटी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अ‍ॅडम्स यांनी तो माफ केला. बाकीची मंडळी पुढे रॉचेस्टरच्या पश्चिमेला केंडलला जमीन घ्यायला गेली, लार्स मात्र गलबत विकायला मागे थांबला, तोवर थंडी पडून तिकडे जायची वाट असलेला ईरी कालवा (हडसन नदीपासून लेक ईरीपर्यंत जाणारा) गोठला आणि बोटी बंद झाल्या. तर हा माणूस ऑल्बनीपासून होली गावापर्यंत कालव्याच्या बर्फावरून स्केटिंग करत आला, साडेचारशेच्या वर किलोमीटर होतात!

आता प्रवासाचं. न्यू जर्सीहून रॉचेस्टर साडेपाच-सहा तास धरा, आम्ही आदल्या रात्री पोचून मुक्काम केला. सकाळी आधी डाउनटाउनला जा आणि कोर्ट स्ट्रीटच्या पुलावर उभे राहा, तिथून जेनेसी नदीवर दगडी कमानींचा जुना पूल दिसतो. रस्ता नंतर आला, मुळात त्यावरून कालवा जायचा, म्हणजे खाली नदी आणि वर बोटी. 1842 चं बांधकाम आहे. बाबा पाटबंधारे खात्यात तीस वर्षं होते, ते कठड्याला टेकून कमानी मोजत बसले आणि म्हणाले, "अगं, हा तर जलसेतू, आमच्याकडे ओढ्यावरून पाट असाच न्यायचे." लार्स इथेच रॉचेस्टरला राहिला, कालव्याच्या बोटी बांधायचा धंदा केला, 1827 ला स्वतःचं घर बांधलं. नॉर्वेहून येणारा प्रत्येक जण आधी त्यांच्याकडे उतरायचा आणि मार्था सगळ्यांचं जेवणखाण बघायची. (आपल्याकडे मुंबईत चाळीत गावाकडची माणसं उतरायची ना, अगदी तसंच.)

तिथून लेक ऑन्टारिओच्या कडेच्या पार्कवेने पश्चिमेला केंडल. या रस्त्यावर दुकानं-हॉटेलं जवळपास नाहीत, पेट्रोल रॉचेस्टरलाच भरा आणि बाथरूमसाठी हॅमलिन बीच पार्कला थांबा. केंडलला पाहायला म्हणून विशेष काही नाही हे आधीच सांगते, नॉर्वे रोड नावाचा रस्ता आहे, आजूबाजूला सफरचंदाच्या बागा आणि तलावावरून येणारा झोंबरा वारा. पण गाडीतून उतराच. इथे प्रत्येकाने 40 एकर घेतले, एकरी 5 डॉलर, तेही हप्त्याने, आणि सगळं घनदाट जंगल, पहिल्या हिवाळ्यात 24 जण एकाच लाकडी घरात. आम्ही ऑक्टोबरात स्वेटर घालून पाच मिनिटात गाडीत पळालो.

मग दक्षिणेला होली. इथे कालव्याच्या कडेने मस्त सपाट वाट आहे, पूर्वी त्यावरून खेचरं बोटी ओढायची, गुडघे दुखणाऱ्यांनाही आरामात चालता येते. डबा इथे खाल्ला, थालीपीठ आणि दही. शाकाहारी असाल तर या गावांमध्ये पिझ्झा सोडून फार आशा ठेवू नका.

लार्सचा शेवटही याच कालव्यावर झाला. 1845 च्या नोव्हेंबरात कालव्यावरच्या बोटीतच अपघात होऊन तो गेला. कैद, अख्खा अटलांटिक, तो गोठलेला कालवा, सगळं पार केलं आणि गेला तो चार फूट खोल पाण्यावर. हो, तेव्हा कालवा चारच फूट खोल होता, रुंदी 40 फूट, आत्ताचा पुढे विसाव्या शतकात मोठा केलेला. मला ते पाणी बघून खरंच भरून आलं, इतकं संथ पाणी, बदकं वगैरे. मार्था मागे पोरांना घेऊन रॉचेस्टरलाच राहिली आणि पुढे चाळीस वर्षांहून जास्त जगली.

वेळ असेल तर मेडिनाजवळ कल्व्हर्ट रोड चुकवू नका, तिथे रस्ता चक्क कालव्याच्या खालून जातो. बोगदा बुटका आहे, मोठी व्हॅन नेऊ नका आणि रस्ता चालू आहे ना ते आधी बघून घ्या. आत दगडातून पाणी ठिबकत असतं. बाबांनी भिंतीला तळहात लावला, ओला हात तसाच आईला दाखवला आणि म्हणाले, "दोनशे वर्षांत एवढंच गळतंय, आमची चारी दुसऱ्या वर्षी फुटायची."

अजून एक, ऑक्टोबरच्या मध्यापर्यंतच जा. त्यानंतर बोटी बंद होतात आणि हिवाळ्यासाठी कालव्यातलं पाणी उतरवतात, मग नुसता चिखल दिसेल. शक्य असेल तर 9 ऑक्टोबरच्या आसपासचा वीकेंड धरा, झाडंही रंगलेली असतात. होलीहून नायगारा दीड तासाच्या आत येतो, आम्ही अंधार पडायच्या आत पोचलो.