ओसरीवाले

शाळेच्या अमृतमहोत्सवानिमित्त काहीतरी लिही, असा निरोप आला, आणि मला आधी आठवला तो कापला गेलेला अर्धा मार्क.

१९७३ साल. खोल्या अपुऱ्या म्हणून आमची नववी वाड्याच्या ओसरीत भरायची. लाकडी खांब, समोर चौक, चौकात नळ. कुणी बादली लावली की इंग्रजीचं व्याकरण थांबायचं. सहामाहीत भाषांतराला एक वाक्य होतं, त्यात ‘स्टोइक’ शब्द. मी बेधडक ‘सोशिक’ लिहिलं. कानाला किती जवळचं!

पेपर वाटताना सरांनी एका खांबावर थाप मारली. म्हणाले, “ग्रीक भाषेत ‘स्टोआ’ म्हणजे खांबांची ओसरी. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास झेनो अथेन्सच्या अशाच एका चित्रं काढलेल्या ओसरीत शिकवायचा. त्याचे शिष्य ते स्टोइक. म्हणजे ओसरीवाले. तुमच्यासारखेच, फक्त अभ्यास करणारे.” मग एपिक्टेटस आला, लंगडा, गुलामीत वाढलेला, आणि मार्कस ऑरेलियस, रोमचा सम्राट. एकाच्या पायात बेडी, दुसऱ्याच्या डोक्यावर मुकुट. धडा एकच: आपल्या हातात काय आहे आणि काय नाही, ते आधी ओळखा. (याच पंथातला सेनेका गडगंज श्रीमंत होता, हे सरांनी सांगितलं नाही. ते मला फार नंतर कळलं.)

“म्हणजे स्थितप्रज्ञच की!” आमच्यातला संस्कृतवाला म्हणाला. “शेजार आहे, पण घर वेगळं,” सर म्हणाले. “तो ब्राह्मी स्थितीला पोचतो, हे विवेकापाशी थांबतात.”

सरांच्या डिक्शनरीच्या कडेला दोन बोटं रुंद तपकिरी पट्टा होता. १२ जुलै १९६१ला पानशेत फुटलं, त्या पुरात नदीकाठच्या पेठेतलं त्यांचं बिऱ्हाड गेलं. हे पुस्तक गाळातून निघालं. ‘एस’ची पानं एकमेकांना चिकटलेली, सर फूटपट्टी सरकवून ती अलगद सोडवायचे. एवढं सगळं गेलं तरी कधी अवाक्षर काढलं नाही, म्हणून आम्ही त्यांचं नाव ‘स्टोइक’ ठेवलं. ते त्यांच्या कानावर गेलंच. “अरे, पुरानंतर आठ दिवस मी धरणाला शिव्या घालत होतो,” ते म्हणाले. “नवव्या दिवशी खोरं घेतलं.”

मधल्या सुट्टीत मी पेपर घेऊन त्यांच्यापुढे उभा राहिलो. मोठा ‘एस’ असेल तर झेनोच्या पंथाचा माणूस, छोटा असेल तर नुसता न कुरकुरता सोसणारा, हे त्यांनीच सांगितलं होतं. “सर, वाक्यात ‘एस’ छोटा आहे.”

त्यांनी चष्मा वर करून वाक्य पुन्हा वाचलं. “मुद्दा बरोबर आहे. पण सोशिक म्हटलं की सासुरवाशीण डोळ्यांपुढे येते. ती सोसते, कारण तिला दुसरी वाट नसते. हा स्वतः ठरवून शांत राहिलाय.”

“मग मार्क?”

“मार्क देणं माझ्या हातात. रुसणं तुझ्या.”

मी शनिवारपर्यंत रुसलो होतो.