बिनपिनांचा जोड: खाऱ्या पाण्यातून वीज आणि डेटा

काटोल-नरखेडकडच्या संत्र्याच्या बागांमध्ये सबमर्सिबल मोटर ‘अर्थ मारते’ म्हणून वर काढली, की मिस्त्री आधी केबलचा जॉइंट उघडतो. वरून टेप शाबूत दिसतो, आत मात्र तांबं हिरवं पडलेलं असतं. पाणी टेपमधून येतंच असं नाही. केबलच्या आवरणाला कुठेतरी बारीक चीर जाते आणि तिथून तारेच्या पेडांमधल्या फटींतून पाणी वातीत तेल चढावं तसं जॉइंटपर्यंत पोचतं. मोटरच्या डोक्यावर ५० मीटर पाणी असेल तर दाब ५ बार. समुद्रात ३,००० मीटरवर तो ३०० बार होतो, आणि पाणी खारं असतं. समुद्रतळावरच्या यंत्रांसाठी जोड बनवणाऱ्यांची लढाई नेमकी या जॉइंटशी आहे.

पाण्याखाली जोडता-सोडता येणारे पिनांचे कनेक्टर आहेत आणि ते चालतात. पिन तेलाने भरलेल्या कप्प्यात शिरते, शिरताना रबरी सील तिला पुसून काढतं. पण सील झिजतं, वाळूचा कण अडकतो, आणि रोबोटच्या हाताने पिन सरळ रेषेत बसवावी लागते. बॅटरीवर फिरणारं पाणबुडं वाहन दिवसाआड चार्जिंगला येणार असेल, तर इतक्या वेळा घासणारी पिन नको वाटते. म्हणून दोन कॉइल समोरासमोर, मध्ये पाणी, आणि धातूला धातू कुठेच नाही, अशी रचना करतात. एका कॉइलमधल्या बदलत्या प्रवाहाचं चुंबकीय क्षेत्र पाणी ओलांडून दुसऱ्या कॉइलमध्ये वीज उभी करतं.

धातू उघडा का नको, हे ग्लासात पाहता येतं. एक लिटर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ, म्हणजे समुद्राइतका खारेपणा. तांब्याच्या दोन उघड्या तारा बुडवून १२ व्होल्टच्या बॅटरीला जोडा. ऋण तारेवर हायड्रोजनचे बुडबुडे लगेच सुरू होतात. धन तार खंगायला लागते आणि तळाशी पिवळसर-हिरवा गाळ बसतो. थोडा क्लोरीनही सुटू शकतो, म्हणून खिडकी उघडी ठेवा. डीसी पिनेच्या सीलमधून थेंबभर खारं पाणी आत गेलं, की आत हेच घडतं.

आता फ्रिक्वेन्सीचा हिशोब. समुद्राचं पाणी वीज वाहून नेतं, म्हणून बदलतं चुंबकीय क्षेत्र त्यात विरत जातं. ज्या अंतरावर क्षेत्र ३७ टक्क्यांवर येतं, ती स्किन डेप्थ. १०० किलोहर्ट्झला ती सुमारे ८० सेंटिमीटर, १ मेगाहर्ट्झला २५ सेंटिमीटर, १३.५६ मेगाहर्ट्झला जेमतेम ७ सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरच्या फटीसाठी १०० किलोहर्ट्झला खारं पाणी जवळजवळ हवेसारखंच वागतं. पण पाण्यात फिरणाऱ्या एडी करंटमुळे होणारा तोटा फ्रिक्वेन्सीच्या वर्गाच्या पटीत वाढतो: दहापट वर गेलात की तोटा शंभरपट. म्हणून पॉवरसाठी १०० किलोहर्ट्झच्या आसपास राहावं. लहान कॉइलच्या मोहापायी मेगाहर्ट्झमध्ये जाणं मला खाऱ्या पाण्यासाठी चुकीचं वाटतं.

नागपुरात बसून याचा पूर्ण प्रयोग करता येतो. सर्वांत अडणारी वस्तू म्हणजे लिट्झ वायर (वेगवेगळा लेप दिलेल्या अनेक बारीक पेडांची तार), आणि ती भंगारातल्या इंडक्शन शेगडीत मिळते. शेगडीच्या कॉइलखाली फेराइटच्या (चुंबकीय क्षेत्राला वाट देणाऱ्या सिरॅमिकच्या) पट्ट्याही चिकटवलेल्या असतात, त्याही जपून काढा, काचेसारख्या तुटतात. वायर घेण्याआधी एक पेड ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते ॲल्युमिनियम आहे, सोडून द्या. त्यावर साधं सोल्डर धरत नाही.

बाहेरचा व्यास १०० मिलिमीटर, आतला ४०, साधारण २ मिलिमीटर जाडीच्या वायरचे १५ वेढे, अशा दोन सपाट चकत्या गुंडाळा. मागे फेराइटच्या पट्ट्या सूर्यकिरणांसारख्या लावा. नुसत्या कॉइलचं इंडक्टन्स १८ मायक्रोहेन्रीच्या आसपास येतं, फेराइटमुळे ते वाढतं. पुढचे आकडे ३० मायक्रोहेन्री धरून आहेत. तुमचं मोजमाप वेगळं आलं तर कपॅसिटर बदला, वेढे उकलत बसू नका. २२ नॅनोफॅरॅडचे चार पॉलीप्रॉपिलीन कपॅसिटर आपसांत समांतर जोडून तो संच प्रत्येक कॉइलला सिरीजमध्ये लावला की ८८ नॅनोफॅरॅड होतात आणि रेझोनन्स, म्हणजे ही जोडी सर्वांत सहज डोलते ती फ्रिक्वेन्सी, ९८ किलोहर्ट्झला बसतो. ते ६३० व्होल्टचेच घ्या. सप्लाय २४ व्होल्टचा असला तरी ८ अँपिअर प्रवाहाला या कपॅसिटरवर २०० व्होल्टच्या वर शिखर जातं. साधे डिस्क सिरॅमिक तापतात, त्यांची किंमत सरकते आणि सर्किट ट्यूनमधून जातं.

कॉइलला प्रवाह देणाऱ्या ड्रायव्हरला बर्डीवर (नागपूरच्या सीताबर्डी बाजारात) इन्व्हर्टर दुरुस्तीसाठी मिळणारी एसजी ३५२५ चिप पुरते. आउटपुट ९८ हवं तर ऑसिलेटर दुप्पट, १९६ किलोहर्ट्झला लावायचा. पुढे आयआर २११० चिप आणि तिच्या इशाऱ्यावर आळीपाळीने चालू-बंद होणाऱ्या दोन मोसफेट स्विचांचा हाफ ब्रिज. घेणाऱ्या बाजूला शॉट्की डायोडचा ब्रिज, फिल्टर कपॅसिटर आणि दहा-बारा ओहमचा ५० वॅटचा रेझिस्टर. इथे सवयीने १एन ४००७ डायोड टाकू नका. तो ५० हर्ट्झच्या कामाचा, १०० किलोहर्ट्झला वेळेत बंदच होत नाही आणि चटका बसेल इतका तापतो.

सुरुवात नेहमी रेझोनन्सच्या वरून, १०५ किलोहर्ट्झपासून करा आणि हळूहळू खाली या. खालच्या बाजूने गेलात तर मोसफेट प्रत्येक फेरीला व्होल्टेजने भरलेला असतानाच चालू होतो आणि तापतो.

या सर्किटचा स्वभाव समजला नाही तर मोसफेट जातोच. दोन्ही बाजूंना सिरीज कपॅसिटर असलेल्या या रचनेत घेणाऱ्या कॉइलचा भार देणाऱ्या बाजूला उलटा दिसतो. कपलिंग (एका कॉइलचं क्षेत्र दुसरीत किती पोचतं तो वाटा) ०.४ धरलं तर म्युच्युअल इंडक्टन्स १२ मायक्रोहेन्री, त्याचा अडथळा ७.४ ओहम. दहा ओहमचा भार देणाऱ्या बाजूला ५.५ ओहमसारखा दिसतो, प्रवाह २ अँपिअर, पलीकडे सुमारे २० वॅट. आता फट वाढवून कपलिंग निम्म्यावर आणा. देणाऱ्याला फक्त १.४ ओहम दिसतात आणि प्रवाह ८ अँपिअरकडे धावतो. भार सुटला किंवा समोरची कॉइलच काढली तर दिसणारा भार शून्य, म्हणजे देणाऱ्यासाठी थेट शॉर्ट. उलट घेणाऱ्या बाजूला शॉर्ट झालं तर प्रवाह पडतो आणि काही बिघडत नाही. घरच्या वायरिंगच्या नेमकं उलट. म्हणून बेंच सप्लायची करंट लिमिट २ अँपिअरवर ठेवूनच स्विच दाबा. समुद्रातल्या यंत्रात हेच काम कंट्रोलर करतो: समोर कुणी आहे का ते कमी पॉवरवर चाचपतो, उत्तर आलं तरच पूर्ण चालू होतो.

कॉइल पाण्यात तशीच बुडवू नका. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८०, त्यामुळे वेढ्यांमधली कपॅसिटन्स वाढते आणि ट्यूनिंग हलतं. वेढे आणि पाणी यांच्यात काही मिलिमीटर इपॉक्सी हवीच. साच्याला ११० मिलिमीटर पीव्हीसी पाइपचं सपाट तळाचं एन्ड कॅप घ्या, आतून एमरी पेपरने खरवडून आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. कॉइल तळापासून २ मिलिमीटर उचलून ठेवा, म्हणजे खाली इपॉक्सी शिरेल. एका कॅपला सुमारे २०० ग्रॅम लागते. एलवाय ५५६ रेझिन आणि एचवाय ९५१ हार्डनर वापरत असाल तर प्रमाण वजनाने १०० ला १०, आणि ते काट्यावर मोजा, अंदाजाने नाही. हार्डनर जास्त पडला तर लवकर कडक होईल हा समज चुकीचा आहे, उरलेला हार्डनर पुढे पाणी शोषतो.

मिश्रण व्हॅक्यूममध्ये ठेवलं की दुधासारखं उतू येतं, म्हणून भांडं तिप्पट-चौपट मोठं घ्या. हवा निघाली की पहिला थर १० मिलिमीटरचाच ओता, तो बसल्यावर दुसरा. मे महिन्यात नागपुरात दुपारी ओतू नये. आधीच खोली ४० अंशांच्या घरात, त्यात रासायनिक उष्णता, मिश्रण भांड्यातच धुमसतं आणि आकसताना फेराइट तडकतं. पहाटे ओता. फेराइटवर आधी मऊ सिलिकॉनचा पातळ थर दिलात तर आकसण्याचा ताण तो झेलतो. आत बुडबुडा राहिला तर बादलीत काही होत नाही, पण ३०० बारला त्या जागी इपॉक्सी आत दबते आणि चीर सुरू होते.

केबल जिथे कॅपमध्ये शिरते तिथे तोच मोटरच्या जॉइंटवाला धडा. कॅपच्या आत प्रत्येक वायरचं आवरण २० मिलिमीटर सोला, उघड्या पेडांमध्ये सोल्डर पूर्ण मुरवा, आणि तो भाग इपॉक्सीत बुडू द्या. केबलमधून आलेलं पाणी तिथे थांबतं. पॉलिथिलीन आवरणाला इपॉक्सी चिकटत नाही. पीव्हीसी किंवा पॉलियुरेथेन आवरणाची केबल घ्या, तीही खरवडून. दोन दिवसांनी कॅप २४ तास खाऱ्या पाण्यात ठेवा, कपॅसिटर आणि ड्रायव्हर बाजूला काढा आणि ५०० व्होल्टच्या मेगरने वायर आणि पाणी यांच्यामधला रोध बघा. १०० मेगाओहमच्या खाली आला तर दुरुस्ती करू नका, पुन्हा बनवा.

दाबाची चाचणी करायची तर हिंगणा-बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतींकडे पाइप तपासायला वापरतात तसला हायड्रो टेस्ट पंप ५० बारला, म्हणजे ५०० मीटर खोलीला, चालतो. भांडं त्या दाबाचं प्रमाणित असलं पाहिजे, आणि हवेचा शेवटचा बुडबुडा काढूनच पंप मारा. दाबलेलं पाणी फुटलं तर गळतं, दाबलेली हवा फुटली तर स्फोट होतो.

प्रत्यक्ष समुद्रात आणखी दोन गोष्टी फट वाढवतात. एक म्हणजे शिंपले. दुसरी म्हणजे गंज टाळण्यासाठी पोलादी सांगाड्यावर लावलेले ॲल्युमिनियमचे ॲनोड. त्यांच्यामुळे सांगाड्याच्या उघड्या धातूवर चुन्याचा थर चढतो. म्हणून कपलरच्या, म्हणजे या जोडाच्या, तोंडावर स्क्रूसुद्धा धातूचा नसावा. टायटॅनियमचं झाकण तर मुळीच नको: १०० किलोहर्ट्झला टायटॅनियमची स्किन डेप्थ जेमतेम १-२ मिलिमीटर आहे, ऊर्जा झाकण तापवण्यातच जाईल. कॉइलभोवती अखंड धातूची कडी असेल तर ती शॉर्ट केलेला एक वेढा ठरते.

डेटाकडे वळू. फोनच्या ‘ची’ (Qi) वायरलेस चार्जिंगमध्ये घेणारा आपला भार हलवून सेकंदाला २ किलोबिट परत पाठवतो. बॅटरीची स्थिती कळवायला ते पुरे, कॅमेऱ्याच्या चित्राला नाही. जास्त वेगासाठी आश्चर्य वाटेल पण वाय-फाय चालतं. २.४ गिगाहर्ट्झला खारं पाणी दर सेंटिमीटरला ८-१० डेसिबल खातं, म्हणजे मीटरभरावर काहीच उरत नाही, पण ३-४ सेंटिमीटरवर भरपूर उरतं. दोन ईएसपी ३२ बोर्ड (वाय-फाय असलेले छोटे कंट्रोलर) प्लॅस्टिकच्या घट्ट डब्यांत, त्यांचे अँटेना समोरासमोर, एकेक सेंटिमीटर दूर करत सिग्नलचा आकडा लिहीत जा. डबे पूर्ण बुडलेले हवेत, नाहीतर सिग्नल पाण्यावरच्या हवेतून वळसा घालून जातो आणि आकडा खोटा येतो.

या सगळ्यांत मला सर्वांत देखणी वाटते ती समुद्री बॉयाखालच्या (नांगरून ठेवलेल्या तरंगत्या मोजणी-केंद्राखालच्या) दोराची युक्ती. पोलादी दोरावर प्लॅस्टिकचं आवरण, खालचं टोक पाण्यात उघडं. दोर ही एक तार, समुद्र ही परतीची तार. तापमान-खारेपणा मोजणारी उपकरणं दोराला फेराइटच्या कडीने चिमटा घालून बसतात आणि १,२०० बॉडसारख्या सावकाश वेगाने वर बोलतात. दोर कुठे कापायचा नाही, जॉइंट नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेच्या ओम्नी बॉयांवर हीच पद्धत आहे. मात्र आवरण मध्येच फाटलं तर प्रवाह तिथूनच पाण्यात पळतो आणि त्याखालची उपकरणं मुकी होतात. वरची बोलतात आणि खालची नाही, एवढ्यावरून फाटलेली जागा अंदाजता येते.

बादलीतले आकडे वाचताना तापमान जरूर लिहा. पाण्याची वाहकता अंशाला सुमारे २ टक्क्यांनी वाढते. मे महिन्यातल्या ४० अंशांच्या बादलीत ती ४ अंशांच्या खोल समुद्राच्या जवळपास दुप्पट असते, आणि थंडावाही कमी मिळतो. तोटा आणि तापणं या दोन बाबतींत आपली बादली समुद्रापेक्षा कडक आहे. बादलीत जो जोड गार राहतो त्याला पुढे उष्णतेची भीती नाही, दाबाचं मात्र वेगळं बघावं लागेल. २० लिटरच्या बादलीत ७०० ग्रॅम मीठ असतं. ते पाणी कुंड्यांना किंवा बागेत ओतू नका, भरपूर साध्या पाण्याबरोबर मोरीत सोडा.