विषमता आणि हिंसेवरच्या फेलोशिपचा अर्ज : ई-क्लासच्या जमिनीपासून सुरुवात करा

अर्जाचं शीर्षक ‘ग्रामीण विदर्भातील जातीय हिंसाचार’ असं ठेवलं, की परीक्षकाचा पहिला प्रश्न ठरलेला असतो : नेमकं कुठे आणि कोणत्या कागदांवरून?

वऱ्हाडात, म्हणजे पश्चिम विदर्भात, याचं पक्कं उत्तर देता येतं. ई-क्लास, म्हणजे सरकारी चराईची जमीन. भूमिहीन दलित, आदिवासी, भटक्या कुटुंबांनी ती वहितीत आणली. गुरं मात्र बहुतेक मोठ्या वावरवाल्यांची. भांडण चराईवरून लागतं आणि उभं पीक मोडण्यापर्यंत, वस्तीत घुसून मारण्यापर्यंत जातं. गावातली सत्ता कोणाच्या अंगावर कशी येते, हे इथे गट नंबरासकट दाखवता येतं. पूर्वेकडच्या जिल्ह्यांत हाच प्रश्न झुडपी जंगलाच्या नोंदीत अडकतो. तिथे वनकायदा येतो, म्हणून एका अर्जात दोन्ही घेऊ नका.

एक तालुका, दहा-बारा गावं पुरेत. पहिला कागद गाव नमुना १-ई, म्हणजे तलाठ्याकडची अतिक्रमणाची नोंदवही. त्यात कब्जा कोणाचा, किती क्षेत्रावर, कधीपासून, हे बघा आणि फेरफाराशी ताडा. १४ एप्रिल १९९० पर्यंतची भूमिहीनांची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय २८ नोव्हेंबर १९९१चा आहे, तेव्हा १४ एप्रिल १९९० ही तुमची रेघ. रेघेच्या आधीच्या किती नोंदींचे पट्टे झाले आणि किती राहिले? पुढे २८ जानेवारी २०११ला सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, पण भूमिहीनांना आणि अनुसूचित जाती-जमातींना शासनाने दिलेल्या पट्ट्यांची वाट मोकळी ठेवली. अंमलबजावणीत कोणाचं शेत नांगरलं गेलं आणि कोणाचं वाचलं, तेही तपासा. बड्या शेतकऱ्याने धुऱ्याला लागून आत ओढलेली ई-क्लास १-ईत आली आहे का, हे मोजणी नकाशावरून पाहाच. माझ्या मते अभ्यासाचा गाभा हाच आहे.

मग पोलीस ठाणं. अॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याशेजारी त्याच दिवशीची, फिर्यादीवरच उलटवलेली फिर्याद शोधा, दरोड्याची किंवा विनयभंगाची. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली आणि कलमं बदलली : दरोडा ३९५चा ३१० झाला, विनयभंग ३५४चा ७४. तक्त्यात दोन्ही रकाने ठेवा, नाहीतर त्या वर्षी गुन्हे अचानक घटल्यासारखे दिसतील. संकेतस्थळावरच्या एफआयआरवर विसंबू नका, लैंगिक गुन्ह्यांचे तिथे चढवत नाहीत. गुन्ह्यांच्या तारखा पेरणी-सोंगणीच्या दिवसांशी जुळवून बघा. तंटामुक्त, म्हणजे भांडणं गावातच मिटवण्याच्या सरकारी मोहिमेतल्या, गावात नोंदी कमी दिसल्या तर शांतता आहे असं धरू नका. अॅट्रॉसिटी तडजोडीने मिटवता येत नाही, तरी गावात दबाव येतोच.

माहिती अधिकाराचा अर्ज एका विषयाचा, साधारण दीडशे शब्दांत, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून. तीस दिवस थांबा, मग पुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. अॅट्रॉसिटीच्या प्रकरणांचा आढावा घेणाऱ्या, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या दक्षता व नियंत्रण समितीची इतिवृत्तंही याच वाटेने मागा. कामाच्या वेळापत्रकात यासाठी पहिले चार महिने सोडा.

गावात गेल्यावर पहिला मुक्काम पाटलाच्या वाड्यावर केला, तर वस्ती तुमच्याशी बोलणार नाही. मुलाखती कापूस वेचणीच्या हंगामात ठेवू नका, मजुरी बुडते. संमती कागदावर अंगठा घेऊन नको, ध्वनिमुद्रित घ्या; अंगठ्याने जमीन गेलेल्या घरात कोरा कागद पाहिला की माणूस उठून जातो. गावाचं नाव बदलून ओळख लपत नाही. गावात मातंगांचं एकच घर असेल, तर जात लिहिली की सगळं कळलं. नावांची किल्ली, म्हणजे खरी आणि बदललेली नावं जोडणारी यादी, टिपणांपासून वेगळी ठेवा. पोलीस कागदपत्रं मागू शकतात आणि संशोधकाला त्यातून सूट नाही.

खर्चाचं बोलायचं तर यूजीसीच्या जेआरएफला, म्हणजे पीएचडी करणाऱ्यांच्या ज्युनिअर रिसर्च फेलोशिपला, महिना ३७,००० रुपये मिळतात, पण मानव्यविद्यांना आकस्मिक खर्च पहिली दोन वर्षं वर्षाला १०,०००च. त्यात भाड्याची जीप बसत नाही, म्हणून एसटीच्या रस्त्यावरची गावं निवडा. दुसऱ्या फेलोशिपसाठी अर्ज करत असाल, तर बायकांशी बोलायला सोबतीण, तिचं मानधन आणि १-ईच्या नकला कब्जेदारांना परत द्यायचा खर्च सुरुवातीलाच मांडा. पट्ट्याच्या दाव्यात त्या नकला त्यांनाच लागतात.