तुम्ही विचारलंत म्हणून: पळवलेल्या मुलांच्या कादंबऱ्या खऱ्या का?

मालवणात आमच्या वाचन मंडळात बायका अधूनमधून मला अमेरिकेतल्या मेम्फिस शहरातल्या पळवलेल्या मुलांवरच्या कादंबरीची गोष्ट सांगायला लावतात. कादंबरीतली मुलं घरातून उचलून नेली इथपर्यंत आलं की कुणीतरी विचारतंच, "बाई, ह्या खरा काय? की लिवणाऱ्यान आपल्या मनाचा घातल्यान?"

कादंबरीतली माणसं मनातली असतात, त्यांचं बोलणं मनातलं असतं. पण मुलं कशी नेली, ते मात्र घडलेलं आहे.

जॉर्जिया टॅन नावाची बाई १९२४ ते १९५० मेम्फिसमध्ये अनाथ मुलांच्या संस्थेची शाखा चालवत होती. सुमारे ५,००० मुलं तिच्या हातून दत्तक गेली असा अंदाज आहे. त्यातली सगळीच चोरीची नव्हती, पण कितीतरी मुलं आईबाप जिवंत असताना नेलेली होती. कुणाला अंगणातून गाडीत घातलं, कुणी मिसिसिपी नदीवर होड्यांत राहणाऱ्या गरीब घरातलं. (आमच्या बायका इथे हमखास एकमेकींकडे बघतात. दिवसभर होडीत, बंदरात वावरणारी पोरं त्यांच्याही घरात आहेत.) राज्याबाहेरच्या श्रीमंतांकडून तिने भरमसाट पैसे घेतले, वर्तमानपत्रांत मुलांचे फोटो छापून आणले. १९४५ साली जुलाबाच्या साथीत तिच्याकडची ४०हून अधिक बाळं दगावल्याचं सांगतात. चौकशी जाहीर झाली त्याच महिन्यात, सप्टेंबर १९५० मध्ये, ती कर्करोगाने वारली. कोर्टाची पायरी तिला चढावीच लागली नाही.

मला सगळ्यात जास्त छळतो तो कागद. नुकतीच बाळंत झालेली, औषधाच्या गुंगीत असलेली बाई. तिच्यापुढे कागद धरायचा, नेहमीचाच आहे म्हणायचं, सही घ्यायची. शुद्धीवर आल्यावर तिला कळायचं की तिने मूल सोडून दिलंय. काहींना तर मूल मेलेलंच जन्मलं असं सांगितलं. मग नव्या नोंदीत नाव बदलायचं, जन्मतारीख बदलायची, आईबापांविषयी काहीतरी खोटं लिहायचं. फायली सीलबंद राहिल्या, त्या उघडायला नव्वदचं दशक उजाडलं. तोवर शोधणारी मुलंच म्हातारी झाली होती. आईचं म्हणणं त्या फायलीत कधी लिहिलंच गेलं नाही, म्हणून ते कादंबरीकाराला लिहावं लागतं. मला अशी कादंबरी लागते ती एवढ्यासाठी.

आमच्याकडे कुणीही कागद पुढे केला की बायका आधी विचारतात, "सही खंय करू?" रेशनचा असो, बँकेचा असो, पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही ठोकतात. एकीला मी म्हटलं, आधी वाच गो. ती म्हणाली, "माका वाचूक येता, पन ते साहेब उभे आसत."

ते साहेब उभे असणं, तेच मेम्फिसमध्ये होतं. "गरिबाच्या घरात राहून काय होणार, चांगल्या घरी जाईल," हे वाक्यही होतं. न्यायाधीशही ते मानत होते आणि शेजारीपाजारीही. हे वाक्य आपल्या गावातही ऐकू येतं, आणि तेव्हा मी चिडते.

दत्तक घेणं मला वाईट वाटतं असं नाही. कोकणाला ते नवं नाही. नानासाहेब पेशवे वेणगावच्या भटांच्या घरातले. १८२७ साली दुसऱ्या बाजीरावांनी त्यांना दत्तक घेतलं. मूळ घर कोणतं, हे कुणी पुसून टाकलं नाही. वाडीवाडीत तसंच असायचं: मूल काकाकडे गेलं तरी जन्म कुणाचा हे सगळ्यांना ठाऊक.

आज आपल्याकडे आईला मूल सोपवायचं असेल तर बाल कल्याण समितीपुढे जावं लागतं, आणि फेरविचाराला २ महिने मिळतात. त्या २ महिन्यांत ती मूल परत मागू शकते. दवाखान्यात, ओळखीच्या माणसाच्या घरी, पैशांच्या बोलीवर झालेला व्यवहार दत्तकविधान नव्हे, गुन्हा आहे. अशा वेळी मुलांच्या मदतीसाठी असलेल्या १०९८ या नंबरवर फोन करायचा. गोष्ट संपली की हा नंबर मी फळ्यावर लिहिते आणि बायका तो मोबाइलमध्ये घालेपर्यंत पुसत नाही.